पुंजण्याला राखण नसते

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राष्ट्राराष्ट्रांतल्या शांततेवर एक धडा होता. धड्याखाली प्रश्न होता: जगात शांतता राखण्यासाठी बलवान राष्ट्रांची जबाबदारी कोणती? तुमसरकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी किती तरी वर्षं त्याचं उत्तर फळ्यावर लिहून दिलं. चार ओळींचं उत्तर. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत तसंच्या तसं लिहायची आणि मी लाल शाईनं बरोबरची खूण करायचे. मग एका वर्षी मी तो धडा गाळला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मला उत्तर येत नाही, असं मी सांगितलं. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

गंमत कसली? माझं डोकं तापलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते अजूनही थंड झालेलं नाही.

आमचं गाव करडीच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, कायद्यानं केव्हाच गेली होती, पण गावातलं मोठं घर अजून मालगुजाराचंच म्हणवलं जायचं आणि तलावाचं पाणी कुणाकडे आधी जाईल हेही तिथेच ठरायचं. आमचं घर छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्यांपैकी. बाबांनी नाकाडोंगरीकडच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवून तलावाखाली तीन एकर धानाची जमीन घेतली होती. गावात आमच्या वस्तीतल्या माणसाची ती पहिली जमीन, आणि ती नेमकी मालगुजाराच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून.

धान कापलं की भारे बांधतात आणि चुरणी, म्हणजे मळणी, होईपर्यंत ते शेतातच गोल रचून ठेवतात. त्याला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. घरचं वर्षाचं अन्न महिना-दीड महिना तसं उघड्यावर उभं असतं. त्याला राखण नसते. कुंपण नाही, कुत्रं नाही, माणूस नाही. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, लोक एकमेकांची डोकी फोडतील, पाण्यावरून तीन तीन वर्षं अबोला धरतील, पण ज्याच्याशी वैर आहे त्याच्याही पुंजण्याला हात लावणार नाहीत. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. चुरणी झाली की पहिलं सूपभर धान खळ्यावर जो उभा असेल त्याला मिळायचं, मग तो मालगुजाराचा गडी असो की आमच्या घरचं कुणी. गावात पोलीस वर्षानुवर्षं येत नसत. त्याचं कारण मला विचाराल तर हे उघड्यावरचं पुंजणं.

ते सत्तरच्या दशकाच्या मधलं वर्ष असावं. पाऊस दसऱ्याआधीच निघून गेला. धान पोटरीत आलेलं आणि बांध्यांना भेगा. तलावाचं पाणी पाळीपाळीनं सोडायचं ठरलं. आमची पाळी आली त्या दिवशी मालगुजाराच्या पुतण्यानं पाटाचं तोंड बंद केलं. बाबा भांडले नाहीत. मोहाडीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेले, अर्ज दिला, साहेबाला घेऊन आले आणि आपल्या पाळीचं पाणी घेतलं. पुतण्याला सगळ्या गावासमोर पाटाचं तोंड उघडावं लागलं. त्याचे हात चिखलात होते आणि लोक तलावाच्या पाळीवर उभे राहून बघत होते. बाबांना कायद्यावर फार विश्वास. मला त्यांचा तेव्हा अभिमान वाटला होता आणि काळजीही.

धान चांगलं झालं. पुंजणं रचलं. आठवडी बाजाराचा दिवस, भर दुपार, अर्धं गाव करडीला गेलेलं. मायनं अंगणातून धूर पाहिला. आम्ही पोचेस्तोवर मधला भाग पेटला होता. वाळलेल्या धानाची आग विझवता येत नाही, तिच्यापासून लांब उभं राहता येतं एवढंच. दाणे आतून फुटत होते, त्याचा आवाज येत होता. दोन बायांनी पुतण्याला आमच्या बांधीतून जाताना पाहिलं होतं. त्यांनी ते मायला सांगितलं आणि नंतर कुणालाच सांगितलं नाही.

आठ दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात शांतता समितीची सभा झाली. फौजदार आले. अध्यक्ष मालगुजार, आणि कळस म्हणजे बाबांनाच समितीचं सदस्य केलं. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. गावात त्यांना खुर्ची मिळण्याचा तो पहिला प्रसंग. शिपायानं आपली बंदूक भिंतीला टेकवून ठेवली होती. चहा आला. पुतण्यानं स्वतःच्या हातानं बाबांना कप दिला. मी भंडाऱ्याच्या शिक्षक-ट्रेनिंगच्या सुटीत तेव्हा घरीच होते. धाकटा भाऊ नुकताच मॅट्रिक झालेला, माझ्याजवळ उभा होता. त्याची नजर त्या बंदुकीवर होती.

रजिस्टर वाचून दाखवलं. दोन्ही पक्षांत समेट झाला असून गावात शांतता आहे. सही करा.

बाबा म्हणाले, "साहेब, दोन पक्ष म्हनजे कोनते? जळालं तं एकाचंच."

फौजदार म्हणाले, "गावात शांतता पाहिजे की नको तुम्हाला?"

"पायजे ना. म्हनूनच पुसून राहिलो. मले भरपाई नाई पायजे. ज्यानं लावली त्यानं एकदा समोर येऊन म्हनावं, मी लावली. मंग मी दहा सह्या करतो."

मालगुजार खुर्चीत पुढे सरकले. "जाऊ दे गा आता," ते म्हणाले. "गाव एकच हाये आपलं. तूच असा अडून बसशील तं शांतता कशी राहील?"

म्हणजे आग लावणारा शांत, चहा देणारा शांत, आणि ज्याचं जळालं तो शांतता मोडणारा. मी त्या दिवशी ओरडले नाही याची मला अजून लाज वाटते. बाबांनी सही केली. त्यांची सही फार सुरेख होती, खाणीत असताना रात्रशाळेत शिकलेली.

घरी येताना भाऊ म्हणाला (थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात), "बाई, तू थे बंदूक पाहिली? तिले कोनी हात बी लावला नाई. नुसती भिंतीले टेकून होती. तरी सगळे तिच्याकडं पाहूनच बोलून राहिले होते."

"मग?"

"मंग काई नाई. शक्ती आपल्या हाती पायजे. आपल्या हाती आली ना, तं आपन असा खोटा समेट नाई करनार. खरा करू."

वर्षभरात तो फौजेत भरती झाला. मी त्याला अडवलं नाही. मलाही त्याचं पटलं होतं. शक्ती चांगल्या माणसाच्या हाती गेली की झालं, असं मी समजत होते. पुढे तेच मी फळ्यावर लिहून देत होते.

बाबांनी मात्र एक हट्ट धरला. पुढच्या वर्षी पुंजणं रचलं तेव्हा वस्तीतली माणसं म्हणाली, आपण पाळीपाळीनं राखण बसवू. बाबा नाही म्हणाले. माय रडली, मी चिडले. ते म्हणाले, "राखन बसवाची म्हनजे गावात एकाचाही भरवसा उरला नाई, असं कबूल कराचं. मी नाई कबूल करत." आणि त्यांनी पुंजणं तसंच उघड्यावर ठेवलं. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, तेरा-चौदा वर्षं. त्याला पुन्हा कुणी हात लावला नाही. लोक त्यांना वेडा म्हणत. मला वाटतं, ते वाट पाहत होते. कधी तरी तो पुतण्या धुऱ्यावर येईल आणि ते एक वाक्य म्हणेल, म्हणून. पुतण्या आला नाही. तो सरपंच झाला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीअखेरीस समुद्रापलीकडच्या एका देशात घरचंच भांडण पेटलं होतं. तिथल्या सरकारनं आणि आपल्या सरकारनं कागदावर सह्या केल्या आणि शांतता राखायला आपले जवान गेले. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या ज्या माणसाची ही गोष्ट आहे त्याचंच नाव मला माहीत नाही, मग देशाचं लिहून काय करू? सह्या झाल्या तेव्हा ज्यांची घरं जळत होती ती माणसं त्या खोलीत कुठे होती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता. शाळेच्या व्हरांड्यात मी तोच प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. पण रेडिओवर बातमी आली आणि माझी छाती फुगली. आपला भाऊ, तलावाखालच्या वस्तीतला, दुसऱ्या देशातलं भांडण थांबवायला चालला होता.

त्याची पत्रं यायची. "बाई, इथं बी तलाव हायेत, आपल्यासारखेच. बांध्या बी तशाच, धुरे बी तसेच. फकत ताडाची झाडं लय. लोक धान कापून पुंजणे रचतात. बाबाले सांग, इथं बी राखन नसते." मी ते पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. ते वाक्य त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग वर्गात नेऊन मुलांनाही वाचून दाखवलं. धड्याखालच्या प्रश्नाचं जिवंत उत्तर म्हणून. त्याला मी लिहिलं, तू करतोस तेच खरं काम आहे, आम्हा सगळ्यांना तुझा अभिमान वाटतो. काही महिन्यांनी त्याची पत्रं छोटी होत गेली. तब्येत बरी आहे. काळजी नसावी. मला वाटलं, कामात असेल.

तिकडची पलटण परत आली आणि पुढच्या दिवाळीनंतर तो दोन महिन्यांच्या सुटीवर घरी आला. कापण्या संपत आल्या होत्या, शेताशेतांत पुंजणी उभी होती. तो बारीक झाला होता आणि जेवताना ताटाकडे बघत बसायचा. विचारलं की म्हणायचा, सांगतो. गावानं सत्काराचं ठरवलं. तो नको नको म्हणत होता. मीच त्याला तयार केलं. ज्या व्हरांड्यात बाबांना खाली मान घालावी लागली, त्याच व्हरांड्यात त्यांच्या मुलाच्या गळ्यात हार पडणार होता. मला ते पाहायचं होतं. माझा हावरेपणा, दुसरं काय.

भोंगा लावला होता. मालगुजार थकले होते, त्यांना धरून खुर्चीत बसवलं. बाबा पहिल्या रांगेत, धुतलेल्या धोतरात. सरपंचांनी, म्हणजे त्याच पुतण्यानं, भावाच्या गळ्यात हार घातला आणि भाषण केलं. आपल्या गावचा जवान शांततेसाठी लढला, शक्तिमान देशाचं हेच कर्तव्य, वगैरे. माझ्या फळ्यावरच्या त्याच चार ओळी. आता त्याच्या तोंडून.

मग भाऊ उभा राहिला. त्याला भाषण येत नव्हतं. तो म्हणाला, "मी एकच गोष्ट सांगनार हाओ."

त्यानं सांगितलं. एका गावाजवळून त्यांच्या गाड्यांवर गोळ्या सुटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गावाची झडती. शेतात एक पुंजणं होतं. आत हत्यारं असतील, असं साहेबाला वाटलं. भाऊ म्हणाला, साहेब, मी एकेक भारा काढून पाहतो, मला ते काम येतं. साहेब म्हणाले, खाली बाँब लावला असेल, वेळ घालवू नको, पेटव. त्यानं पेटवलं. आत काही नव्हतं, नुसतं धान. एक म्हातारा पळत आला. आगीपासून लांब उभा राहिला. मग भावाजवळ येऊन त्यानं काही तरी विचारलं.

"त्याची भाषा मले येत नोहती," भाऊ म्हणाला. "पन तो काय पुसून राहिला होता, ते मले समजलं. मी बोललो नाई. पाठ फिरवून गाडीत बसलो. आग मी लावली. हे मले आपल्या गावात सांगाचं होतं. इथं पुंजणं म्हनजे काय, ते सगळ्याईले समजते."

सरपंच त्याच्या शेजारी उभे होते, हातात दुसरा हार. मी त्यांच्याकडे बघत होते. आता तरी, मी मनात म्हणत होते. आता तरी बोल मेल्या. एवढ्या वर्षांत याहून सोपी वेळ तुला मिळणार नाही.

सरपंचांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "हुकूम म्हनजे हुकूम," ते माइकवर म्हणाले. "देशासाठी केलं. शत्रूच्या मुलखात असं चालतेच. मनाले लावून नोको घेऊ." आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. आमच्या वस्तीतल्या लोकांनीही. ज्यांनी बाबांचं पुंजणं जळताना पाहिलं होतं, त्यांनीही.

भाऊ म्हणाला, "तो शत्रू नोहता. आमी त्याच्याच राखनीले गेलो होतो." पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि दुसरा हार त्याच्या गळ्यात पडला.

बाबांनी टाळी वाजवली नाही. ते उठले आणि घरी निघून गेले.

दोन दिवस ते बोलले नाहीत. भाऊ त्यांच्या मागे मागे फिरत होता, तिशी ओलांडलेला माणूस. त्यांच्यासमोर बसायचा, उठायचा. मला म्हणाला, "बाई, बाबानं शिवी देल्ली तरी चालते. काई तरी बोलले पायजे." त्याला गावाकडून काही नको होतं. त्याला बाबांचा एक शब्द हवा होता. आमच्या घरात पुंजणं जाळण्याचा अर्थ ठरवायचा अधिकार त्या एकाच माणसाला होता.

तिसऱ्या दिवशी बाबाच त्याच्यापुढे बसले. म्हणाले, "इतके वर्ष मी वाट पाहिली का कोनी तरी येऊन म्हनल, मी लावली. आयकलं बाबू मी, शेवटी आयकलं. पन मले सांगून काय होते? ज्याचं होतं त्याले सांग."

"त्याचं नाव मले मालूम नाई, बाबा. गावाचं बी नाई."

"हो," बाबा म्हणाले, "पेटवाले नाव लागत नाई." आणि उठून गेले.

मला बाबांचाही राग आला. भयंकर राग आला. ज्यानं कबूल केलं त्याच्यावर हे घाव, आणि ज्यानं कबूल केलं नाही त्याच्यासमोर तेरा-चौदा वर्षं मुकाट. मी मागीलदारी जाऊन त्यांना तसं बोलले. "सरपंचाले एकदा तरी म्हटलं का असं?" मी विचारलं. ते म्हणाले, "सरपंच माह्या कोन लागते?"

त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर, बाबांनी अंगणातली बाज उचलली. घोंगडी तिच्यावर टाकली आणि बाज डोक्यावर घेऊन शेताच्या वाटेला लागले. मायनं विचारलं, कुठे? ते म्हणाले, पुंजण्याजवळ झोपतो आजपासून.

तेरा-चौदा वर्षं ज्या माणसानं सगळ्या गावाशी हट्ट करून पुंजणं उघडं ठेवलं होतं, तो राखणीला निघाला होता. वस्तीतली माणसं दारात येऊन बघत होती. भाऊ धावत त्यांच्यामागे गेला. मीही गेले. वाटेत त्यानं बाजेला हात घातला.

"बाबा, आना इकडं. तुमी घरी झोपा. राखनीले मी बसतो."

बाबांनी बाज सोडली नाही. त्याच्याकडे बघितलं, आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुह्यापासूनच तं राखाचं हाये."

भावानं हात काढून घेतला. आम्ही दोघं धुऱ्यावर उभे राहिलो आणि बाबांनी पुंजण्याला लागून बाज टाकली.